लाटेचा आघात, नौकेचा तळ आणि मोजमापाचे अर्थशास्त्र

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर नवी दिल्ली येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



दिल्लीला समुद्र नाही. तरीही देशाच्या सागरी व्यवहाराविषयीचे बहुतेक मोठे निर्णय याच शहरात आणि त्याच्या परिसरात घेतले जातात. बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्रालय येथे आहे. नौदलाचे आणि तटरक्षक दलाचे मुख्यालय येथे आहे. सागरी पोलीस ठाण्यांना आणि त्यांच्या गस्ती नौकांना निधी देणारे गृह मंत्रालयही येथेच आहे. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाचे मुख्यालय शेजारच्या नोएडात आहे. नौदलाने १९६४ मध्ये स्थापन केलेल्या मध्यवर्ती आरेखन कार्यालयातून पुढे जी संस्था वाढली, तिचे काम दिल्लीतूनच चालते. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचे आरेखन तिनेच केले. नौदल अधिकाऱ्यांना जहाजबांधणीचे शिक्षण देणारी शाखा आयआयटी दिल्लीत आहे.

म्हणूनच नौकेच्या तळावर पाण्याचा आघात किती होतो, हा प्रश्न केवळ रत्नागिरीच्या वा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याचा राहत नाही. नौकेची मागणी नोंदवताना कागदावर कोणता आकडा लिहिला गेला, यावर तिच्या तळाची जाडी, तिची किंमत, तिचे इंधन आणि तिच्यावरील माणसांची सुरक्षितता अवलंबून असते. हा आकडा ठरतो कसा आणि त्यावर किती विसंबावे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

आघाताचे स्वरूप

वेगाने जाणारी नौका लाटेच्या माथ्यावरून पुढे सरकते तेव्हा तिची नाळ, म्हणजे पुढचा भाग, क्षणभर पाण्याबाहेर येतो आणि पुन्हा पाण्यावर आदळतो. या क्रियेला नौकाशास्त्रात ‘स्लॅमिंग’ म्हणतात. कोळी बांधवांना तिचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. समोरून उंच लाट येताना तांडेल इंजिनाचा वेग कमी करतो, ते याच कारणासाठी.

पाणी मऊ असते, ही समजूत अशा वेळी उपयोगी पडत नाही. पाण्याची घनता हवेच्या सुमारे आठशे पट आहे. तळ खाली येतो तेव्हा त्याखालच्या पाण्याला अत्यल्प वेळात बाजूला सरावे लागते. त्या पाण्याला वेग देण्यासाठी लागणारे बल म्हणजेच तळावरील आघात. पाण्याचा दाब स्थिर स्थितीत खोलीनुसार वाढतो. आघातात मात्र तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आदळण्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो.

विमानांकडून नौकांकडे

या विषयाचे गणित प्रथम मांडले गेले ते पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी. थिओडोर फॉन कार्मान यांनी १९२९ मध्ये अशा विमानांच्या तरंगत्या भागांवरील आघाताचा सिद्धान्त मांडला. व्ही आकाराचे तरंगते अंग पाण्यात शिरते तेव्हा त्याच्याबरोबर काही पाणीही गतिमान होते. एकूण संवेग कायम राहतो, एवढ्याच तत्त्वावरून त्यांनी आघाताचे बल काढले. हर्बर्ट वाग्नर यांनी १९३२ मध्ये त्यात महत्त्वाची सुधारणा केली. तळ आत शिरताना पाणी दोन्ही बाजूंना वर चढते, त्यामुळे भिजलेली रुंदी वाटते त्याहून अधिक असते, हे त्यांनी दाखवले. नंतरच्या बहुतेक पद्धती या दोन लेखांच्या पायावर उभ्या राहिल्या.

भारतातही ही विमाने नवी नव्हेत. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंपीरियल एअरवेजची जलविमाने कराचीहून कोलकात्याकडे जाताना राजसमंद आणि ग्वाल्हेर येथील जलाशयांवर उतरत. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी साबरमती आणि केवडिया यांच्या दरम्यान जलविमानसेवेचे उद्घाटन झाले, तेव्हा हाच जुना प्रश्न नियमनाच्या रूपाने पुन्हा समोर आला.

अंदाजाचे साधे गणित

वाग्नर यांच्या सूत्राचा सारांश असा : महत्तम दाब हा पाण्याची घनता, आदळण्याच्या वेगाचा वर्ग आणि तळाच्या उताराचा कोन यांवर ठरतो. तळ आडव्या पातळीशी जो कोन करतो त्याला ‘डेडराइज’ कोन म्हणतात. कोन मोठा म्हणजे तळ धारदार, कोन लहान म्हणजे तळ चपटा.

समजा, नौकेचा तळ सेकंदाला ५ मीटर वेगाने समुद्राच्या पाण्यावर आदळला. सुमारे सव्वा मीटर उंचीवरून मोकळे पडल्यास एवढा वेग येतो. वाग्नर यांच्या सूत्रानुसार तळाचा कोन ३० अंश असेल, तर महत्तम दाब सुमारे ९५ किलोपास्कल, म्हणजे जवळजवळ एक वातावरण एवढा येतो. कोन २० अंश असेल, तर तो सुमारे २४० किलोपास्कल होतो. कोन १० अंश असेल, तर सुमारे १,००० किलोपास्कल, म्हणजे दहा वातावरणे. वेग तोच, पाणी तेच. केवळ आकार बदलल्याने दाब दहापटींनी वाढला.

मग सर्वच नौका धारदार का करीत नाहीत? कारण धारदार तळाला त्याच वेगासाठी अधिक शक्तीचे इंजिन लागते, आत जागा कमी मिळते आणि उभी असताना नौका अधिक डोलते. म्हणजे सुरक्षिततेची किंमत इंधनात आणि जागेत चुकवावी लागते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही निवड ओळखीची वाटेल.

कोन शून्याकडे जाऊ लागला, की हे सूत्र अनंत दाब सांगू लागते. प्रत्यक्षात तसे होत नाही. चपटा तळ आदळताना त्याखाली हवा अडकते आणि ती उशीसारखे काम करते. सूत्र कोठपर्यंत लागू आहे हे ठाऊक असणे, हा सूत्र जाणण्याचाच भाग आहे.

मोजमापातील अडचणी

अंदाज आला, तर प्रत्यक्ष मोजून तो तपासावा, हे ओघानेच आले. परंतु येथे मोजमाप सोपे नाही. याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण वेळेचे. दाबाचे शिखर तळावर एका जागी थांबत नाही. पाण्याच्या चढत्या कडेबरोबर ते मध्यापासून बाहेरच्या बाजूला धावते. वरील उदाहरणात, १० अंशांच्या तळावर, ते सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने सरकते. तळात १० मिलिमीटर व्यासाचा दाबसंवेदक बसवला असेल, तर त्यावरून हे शिखर सेकंदाच्या सुमारे साडेचार हजाराव्या भागात निघून जाते. सेकंदाला शंभर नोंदी घेणारे उपकरण ते बहुधा पाहणारच नाही. नोंदी सेकंदाला दहा-वीस हजार घ्याव्या लागतात.

दुसरे कारण क्षेत्रफळाचे. शिखर अतिशय अरुंद असते. लहान संवेदक मोठा आकडा दाखवतो, मोठा संवेदक लहान. आणि दोन्ही आपापल्या परीने खरेच असतात. वाग्नर यांच्याच सिद्धान्तानुसार वरील १० अंशांच्या तळावर शिखराचा दाब सुमारे १,००० किलोपास्कल असताना संपूर्ण भिजलेल्या भागावरील सरासरी दाब सुमारे ३६० किलोपास्कल असतो. तळाचा पत्रा वाकतो तो त्याच्या संपूर्ण फलकावरील भाराने, एका बिंदूवरील शिखराने नव्हे. पत्र्याची आवश्यक जाडी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे सरासरीऐवजी शिखराचा आकडा सर्वत्र धरला, तर पत्रा सुमारे ६८ टक्के अधिक जाड लागेल. नौका जड होईल, तिचा वेग घटेल आणि इंधन आयुष्यभर अधिक लागेल. याउलट, मोठ्या क्षेत्राची सरासरी लहान फलकाला लावली, तर पत्रा पातळ ठरेल आणि तडा जाईल. म्हणून कोणता दाब, किती क्षेत्रावर, हे एकत्रच सांगावे लागते.

या मुद्द्याला विद्यार्थ्यांच्या परिचयाचे एक उदाहरण आहे. भारताच्या किनाऱ्याची लांबी अनेक वर्षे ७,५१६.६ किलोमीटर अशी पाठ केली जात असे. नव्या मोजणीनुसार ती ११,०९८.८ किलोमीटर झाली आणि महाराष्ट्राचा किनारा ७२० वरून सुमारे ८७८ किलोमीटर झाला. देशात इतकी नवी जमीन आली नाही. अधिक बारकाव्याच्या नकाशावर खाड्या आणि वळणे मोजली गेली. लांबीच्या आकड्याबरोबर नकाशाचे प्रमाण सांगावे लागते, तसे आघाताच्या आकड्याबरोबर संवेदकाचा आकार सांगावा लागतो.

तिसरे कारण प्रतिकृतीचे. विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत नौकांच्या लहान प्रतिकृती सुमारे ५०० मीटर लांबीच्या जलकुंडातून ओढून पाहता येतात. प्रतिकृती दहापट लहान असेल, तर तिच्यावर मोजलेला दाब दहाने गुणावा लागतो आणि काळ १० च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.१६ ने. परंतु प्रयोगशाळेतील हवेचा दाब दहापट लहान करता येत नाही. त्यामुळे अडकलेल्या हवेची उशी प्रतिकृतीत जशी वागते तशी ती खऱ्या नौकेखाली वागत नाही. म्हणून प्रयोगशाळेनंतरही खऱ्या नौकेवर, खऱ्या समुद्रात मोजमाप आवश्यक ठरते. तेथे दाबसंवेदकांच्या जोडीला पत्र्याचा ताण टिपणारे स्ट्रेन गेज आणि नौकेचे धक्के टिपणारे त्वरणमापक बसवतात. पत्र्याने प्रत्यक्षात किती भार सोसला, हे अनेकदा दाबसंवेदकापेक्षा स्ट्रेन गेजच अधिक विश्वासाने सांगतो.

कोणती लाट धरावी?

समुद्र एकसारख्या लाटांचा नसतो. हवामान खात्याच्या किंवा हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राच्या इशाऱ्यात लाटांची उंची दिलेली असते, ती बहुधा ‘सार्थ लाटउंची’ असते. म्हणजे सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी. दोन मीटर असे सांगितले असता काही तासांत एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीची येऊ शकते.

आघातांचेही तसेच. वेगवान नौकेच्या धक्क्यांचे वितरण घातांकी प्रकारचे मानण्याचा प्रघात आहे. तसे मानल्यास, सरासरी धक्का १ असेल तर सर्वांत तीव्र एकतृतीयांश धक्क्यांची सरासरी सुमारे २.१, एकदशांशाची ३.३ आणि एकशतांशाची ५.६ येते. एकाच नौकेच्या, एकाच दिवसाच्या नोंदीतून हे चारही आकडे निघतात. यांपैकी कोणता धरून नौका बांधावी? या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्र देऊ शकत नाही. किती धोका पत्करायचा, तो कोणी पत्करायचा आणि तो टाळण्यासाठी किती खर्च करायचा, हे समाजाने ठरवायचे असते. नौकेच्या मागणीपत्रात हा निर्णय लिहिलेला नसेल, तर तो कोणीतरी न सांगता घेतलेला असतो.

गृहीतक चुकले तर

२८ सप्टेंबर १९९४ रोजी टॅलिनहून स्टॉकहोमला निघालेली ‘एस्टोनिया’ ही प्रवासी नौका बाल्टिक समुद्रात बुडाली. नौकेवर ९८९ माणसे होती. त्यांपैकी ८५२ मृत्युमुखी पडली. १९९७ च्या चौकशी अहवालानुसार नाळेवरील उघडणाऱ्या अवजड झडपेची कुलपे लाटांच्या आघाताने तुटली आणि पाणी वाहनांच्या मजल्यावर शिरले. ही जोडणी आखताना धरलेला भार वास्तवाला धरून नव्हता, हा त्या अहवालातील महत्त्वाचा निष्कर्ष होता. लाटा त्या समुद्राला अपरिचित नव्हत्या. कागदावरचा भार अपुरा होता.

जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीत ‘एमएससी नापोली’ या मालवाहू जहाजाचा सांगाडा फुटला. सुदैवाने सर्व २६ खलाशी वाचले. चौकशीत आघातानंतर संपूर्ण जहाजात उमटणाऱ्या कंपनांचाही विचार झाला. पाण्याचा तडाखा नाळेवर बसला, तरी त्याचा परिणाम दूर इंजिनघराजवळ दिसू शकतो, हे त्यातून अधोरेखित झाले.

लहान वेगवान नौकांत धोका निराळ्या रूपात येतो. तेथे तळाआधी माणसाचा कणा दुखावतो. तासन्‌तास धक्के सोसणाऱ्या कर्मचाऱ्यांना पाठीचे, मानेचे आणि गुडघ्यांचे विकार होतात. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशाद्वारे कामगाराच्या शरीरावरील कंपनांना आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा घातली. उपाययोजना सुरू करण्याची पातळी ०.५ आणि कमाल मर्यादा १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग अशी आहे.

किंमत कोण चुकवतो?

आपल्याकडे किनारी सुरक्षा योजनेचा पहिला टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. त्यात ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ वेगवान नौकांची तरतूद होती. या नौका गोवा शिपयार्ड आणि कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्स यांनी बांधल्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनारी गस्तीचे महत्त्व अधिक वाढले. गस्तीच्या नौकेला हवामान निवडता येत नाही. संशयित नौकेचा पाठलाग करताना वेग कमी करण्याचा तांडेलाचा पर्यायही तिच्यापाशी नेहमी नसतो.

अशा नौकेची खरेदी करताना एक मूलभूत अडचण येते. नौकेची लांबी, तिचे इंजिन, तिचा सपाट पाण्यावरील वेग हे सर्व खरेदीदाराला दिसते. तिचा तळ खवळलेल्या समुद्रात किती वर्षे टिकेल, हे दिसत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध लेखात दाखवले, की जेथे गुणवत्ता विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असते, तेथे चांगला माल बाजारातून मागे हटतो. २००१ च्या अर्थशास्त्रातील नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी होते. त्यांचे उदाहरण जुन्या मोटारींचे होते. नौकेच्या तळाला ते तितकेच लागू पडते. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारताना आघाताचा निकष मोजता येईल अशा शब्दांत लिहिलेला नसेल, तर मजबूत तळ देणारा बांधणारा महाग ठरून मागे पडतो.

दुसरी अडचण बाह्य परिणामाची. कमकुवत वा चपट्या तळामुळे होणारी बचत खरेदीच्या वर्षात हिशेबाला येते. दुरुस्ती पुढच्या वर्षांच्या खात्यावर पडते. शिपायाच्या पाठदुखीला तर कोणत्याच खात्यात जागा नसते. खर्च करणारा एक आणि सोसणारा दुसरा, अशा वेळी सरकारी मानकांची गरज निर्माण होते.

देशातील व्यवस्था

मानकांचा पाया देशात आहे. भारतीय नौवहन नोंदणी संस्था, म्हणजेच इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, १९७५ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि २०१० मध्ये अशा संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची पूर्ण सदस्य झाली. नौकेच्या बांधणीचे नियम ती प्रसिद्ध करते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची वेगवान नौकांसाठीची संहिता १९९४ मध्ये आणि तिची सुधारित आवृत्ती २००० मध्ये आली. लहान नौकांच्या तळाच्या जाडीसाठी आयएसओ १२२१५ हे मानक आहे.

नद्या आणि खाड्यांसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा १९१७ च्या कायद्याच्या जागी आला. त्यात जलक्षेत्रांची विभागणी लाटांच्या महत्तम सार्थ उंचीनुसार करण्याची तरतूद आहे. म्हणजे नौका कोणत्या पाण्यात चालणार, हे आधी ठरवून मग तिची बांधणी ठरवायची. २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ झाली. दिल्लीतून वाहणारी यमुना ही त्यांतील ११० क्रमांकाची आहे. जलमार्गांवर वेगवान प्रवासी नौका वाढतील तसा हा विभागणीचा निकष अधिक महत्त्वाचा होईल.

लाटांच्या अभ्यासासाठी पुण्याजवळ खडकवासला येथे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे; या संस्थेची सुरुवात १९१६ मध्ये झाली. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था १९९३ पासून कार्यरत आहे. ज्ञान आणि उपकरणे देशात उपलब्ध आहेत. गरज आहे ती या ज्ञानाची खरेदीच्या कागदाशी सांगड घालण्याची.

पुढील वाट

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. पहिली गोष्ट, मागणीपत्रात केवळ कमाल वेग न लिहिता किती उंचीच्या लाटेत किती वेग, हे लिहावे. दाब किती क्षेत्रावर आणि कोणत्या सांख्यिकी पातळीवर धरला, तेही नमूद करावे. दुसरी, सपाट पाण्यावरील चाचणीबरोबर लाटांमधील चाचणी अनिवार्य करून तिच्या नोंदी जपाव्यात. तिसरी, प्रत्येक प्रकारच्या काही नौकांवर त्वरणमापक आणि स्ट्रेन गेज कायमस्वरूपी बसवावेत. पावसाळ्यापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदींवरून पुढच्या नौकेचा आकडा अधिक अचूक ठरेल. चौथी, सुरक्षेला बाधा येणार नाही अशी माहिती तंत्रशिक्षण संस्थांना आणि लहान नौकाबांधणी उद्योगांना खुली करावी. एका संस्थेने जमवलेली माहिती दुसरीने वापरली म्हणून संपत नाही. ती सार्वजनिक वस्तू आहे. एकट्या बांधणाऱ्याने तिच्यावर पुरेसा खर्च करावा, ही अपेक्षा बाजाराकडून धरता येत नाही. पाचवी, प्रत्येक गस्ती नौकेच्या सुकाणूपाशी लाटेची उंची आणि सुरक्षित वेग यांचा तक्ता असावा. तांडेलाचे अनुभवजन्य शहाणपण नव्या शिपायाला त्यातून मिळेल.

मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या खरेदीच्या, मंजुरीच्या किंवा लेखापरीक्षणाच्या टेबलावर बसतील. समोर एखादा तांत्रिक आकडा येईल, तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा कोणत्या मापाने आणि किती बारकाव्याने मोजला? ही सरासरी आहे की टोकाची किंमत? आणि हा आकडा चुकीचा ठरला, तर त्याची किंमत कोण चुकवेल? नौकेच्या तळाबाबत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. ती किंमत रात्रीच्या गस्तीवर गेलेला शिपाई चुकवेल, आणि निविदा उघडली गेली तेव्हा तो त्या दालनात नव्हता.